फूटभर राहिलेला बॉल

दादा,

त्या रविवारी सकाळी मी गेटवर उभी राहून तुला शिव्या घालत होते. खांद्याला बॅग, डोक्यावर टोपी, पायात ते खिळ्यांचे बूट. दूधवाला जाता जाता विचारून गेला, "दीदी, आज भैया नहीं आए?" इतक्या वर्षांत तुला एकदाही उशीर झाला नव्हता. सिव्हिल लाइन्सच्या वळणावर तुझी गाडी दिसली की घड्याळ बघायची गरज नसायची. म्हणूनच जास्त चिडले. फोन केला, तू उचलला नाहीस. परत केला. मग वहिनीचाच आला. ती काय बोलली ते मला आता नीट आठवत नाही.

तुझ्यावरचा राग तेव्हा सुरू झाला आणि अजून चालूच आहे. मध्ये थांबायला त्याला वेळच मिळाला नाही. बाकीचे रडून मोकळे झाले. रडू मलाही येतं, पण आधी राग येतो, आणि तो आला की रडणं मागे सरकतं.

जलदान विधीला हॉल भरून गेला होता. तुझ्या फॅक्टरीतले आले होते, विजय नगरची तुझी अख्खी गल्ली आली होती, गोल्फ कोर्सवरचे तुझे दोन दोस्त, तिवारीजी आणि कर्नलसाहेब, पांढरे कपडे घालून मागे बसले होते. एकेक जण उठून बोलला. शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही. कुणाचं मन मोडलं नाही. भन्तेजीसुद्धा तुझ्या शांतपणावरच बोलले. मी पहिल्या ओळीत बसून दात आवळत होते. वाटत होतं, उठावं आणि सांगावं सगळ्यांना, की याच्या याच शांतपणानं याला नेलं, कसलं कौतुक करता? वहिनीनं माझा हात दाबून धरला होता. तिला काय समजलं होतं कोण जाणे. तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती त्या संगमरवरी अ‍ॅशट्रेमध्ये उभी केली होती. तो अ‍ॅशट्रे बघून तर माझं डोकंच फिरलं. का फिरलं ते तुला माहीत आहे.

मला कोर्सवर नेलंस तूच. शाळेत हेडमास्तरांशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, मी घरी येऊन भांडी आपटत होते, आणि एकटीचंच घर असल्यामुळे ती आपटलेली भांडी उचलणारीही मीच. तू दारात येऊन उभा राहिलास नि म्हणालास, चल, तुला अशी जागा दाखवतो जिथं भांडायला कुणी नसतं. छावणीतल्या त्या हिरव्या मैदानावर मला भांडायला पहिल्या दिवशीच मिळालं, तो बॉल. जमिनीवर मुकाट पडून असलेला, कुणी फेकत नाही, कुणी अडवत नाही, तरी मला लागत नव्हता. मी हातातली काठी, तो क्लब, आपटला. तू तो उचललास, पुसलास आणि माझ्या हातात परत दिलास.

"काहून चिडून राहिली गं माये? राग बॅगेत ठेव. राउंड झाला का परत काढ, कोणी चोरत नाही त्याले."

दादा, तुझ्या या एका वाक्यावर मी सहा वर्षं जगले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटत होतं गोल्फ म्हणजे मनगट, खांदा, कंबर. तू मनगटाबद्दल क्वचितच बोललास. झाडाकडे बघू नको म्हणायचास, जिथे बॉल पाडायचा तिथे बघ. बॉल नाल्यात गेला तर चार पावलं चालेपर्यंत हवं तेवढं चरफड, पाचव्या पावलाला पुढचा शॉट. चुकलेल्या शॉटचा वचपा पुढच्या शॉटवर काढायला गेलं की दोन्ही जातात. श्वास सोड, मग मार. हळूहळू मला ते जमायला लागलं. नाल्यात बॉल घालून मी तशीच पुढे चालायला लागले आणि कर्नलसाहेब म्हणाले, आपकी बहन तो बदल गई. वर्गातही माझा आवाज खाली आला. दहावीच्या मुलींनी मला विचारलं, मॅडम, तब्येत ठीक आहे ना? मला रात्री झोप यायला लागली. हे सगळं तुझंच देणं आहे, आणि ते मी विसरणार नाही, कितीही चिडले तरी.

पण तुझी ती एक खोड!

बॉल होलपासून फूटभर राहिला की तू लगेच म्हणायचास, "दिला. उचल." खेळात ही रीत आहेच. इतकं जवळ आहे की जाणारच, तेव्हा समोरच्यानं मोठ्या मनानं म्हणायचं, गेला समज. मग बॉल उचलायचा आणि पुढे चालू लागायचं. मित्रामित्रांत सगळेच देतात. पण तुझं देणं अतीच होतं. फूट काय, दीड फूट काय, दोन फूट काय. माझा बॉल थांबायच्या आधी तुझं "दिला" यायचं. मी गणित शिकवते. शेवटची पायरी लिहिली नाही तर उत्तर बरोबर असूनही मी मार्क कापते, मुली रडल्या तरी कापते. मला तू दर होलवर शेवटची पायरी सोडायला लावत होतास आणि मी सोडत होते, कारण मागे तिवारीजींना नाश्त्याची घाई असायची.

मग ती बायकांची स्पर्धा. स्पर्धेत कुणी कुणाला काही देत नाही, प्रत्येक बॉल आत घालावा लागतो. मी त्या दिवशी आयुष्यात खेळले नव्हते तशी खेळले. शेवटच्या होलवर माझा बॉल फूटभर राहिला. घातला की पहिला नंबर. मी पटर, ती बॉल हलकेच ढकलायची काठी, घेऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की हा शॉट मी कधी मारलेलाच नाही. लांबून होलपर्यंत आणणं मला येत होतं. फूटभरावरून आत घालणं मला कुणी करूच दिलं नव्हतं. हात थरथरायला लागले. तुझा श्वास आठवला, झाड आठवलं, बॅग आठवली, सगळं आठवलं. बॉल काठाला लागून बाहेर आला. पहिल्या नंबराला भेडाघाटच्या दगडाचा सुंदर दिवा होता. मला मिळाला अ‍ॅशट्रे. आपल्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही. मी तो तुझ्या गाडीत टाकून आले, वहिनीनं तो मेणबत्तीला घेतला.

परत येताना तू काय म्हणालास? "अगं, माझ्या हिशोबानं तर तो गेलाच होता." मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही.

आठवड्यानंतर जे भांडण झालं ते आपलं संपलंच नाही. मी म्हणाले, मनाची तयारी मनाची तयारी करतोस, ती कुठे होते माहीत आहे का? त्या फूटभरात होते. तिथे पळवाट दिलीस की माणूस कच्चा राहतो. तू नेहमीसारखा हसलास आणि मग पहिल्यांदाच मला तुझी पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितलीस. तू नवा नवा मेंबर झाला होतास. आपले बाबा फॅक्टरीत फिटर होते आणि आपण क्वार्टरमधली पोरं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आडनावावरून बाकीचंही ठाऊक होतं. एक जुने मेंबर बाकी सगळ्यांना उदारपणे देत सुटायचे. तुझा बॉल वीतभर राहिला तरी ते बोलायचे नाहीत, हाताची घडी घालून उभे राहायचे. तू वाकून वीतभराचा बॉल आत घालायचास. वर्षभर घातलास. एकदाही चुकला नाहीस.

"मले कोणी दिला नाही, माये," तू म्हणालास. "म्हणून म्या ठरवलं, आपण देणारे व्हायचं."

दादा, मी तेव्हा गप्प बसले, कारण तुझा चेहरा बघून मला बोलवेना. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण जे बोलायचं राहिलं ते आज बोलते. तुझे हात कधी थरथरले नाहीत ते कशामुळे? त्या वर्षभरामुळे. त्याला तुझा अपमान करायचा होता, ते तर झालंच, पण तू त्यातून पक्का होऊन बाहेर पडलास. जे तुला मिळालं नाही ते जगाला वाटायचं ठरवलंस, ठीक आहे, मन मोठं होतं तुझं. पण मला देण्याआधी विचारायचं तरी. आणि स्वतःला द्यायला तर काहीच कारण नव्हतं.

सहाव्या होलच्या चढावर तू थांबायला लागलास ते मीच पहिल्यांदा बघितलं. बुटाची नाडी बांधतोस असं दाखवायचास. नाडी बांधलेलीच असायची. मी वहिनीला सांगितलं, वहिनीनं तुला डॉक्टरकडे ओढून नेलं. ईसीजी चांगला आला. पट्ट्यावर चालवलं, त्यात थोडी गडबड दिसली. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या एकदा आतून बघून घेऊ, अँजिओग्राफी करा, म्हणजे शंका नको. बाबाही असेच गेले होते, रिटायर व्हायच्या आत. तुला हे सगळं माहीत होतं. आणि तू घरी येऊन जेवायला बसलास आणि वहिनीला म्हणालास, "दोन तर झाल्या. एकच राहिली. ती दिलीच समज."

वहिनीला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. मी वरणाचा वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, कोणी दिली तुला? डॉक्टरांनी दिली? तू म्हणालास, चल, पुढच्या टीवर, जसा एक होल संपवून पुढचा सुरू करायलाच निघालास. दिवाळीनंतर करू म्हणालास. मग वहिनीच्या भाचीचं लग्न झाल्यावर. मी दर रविवारी गाडीत विचारायचे आणि तू दर रविवारी मला माझ्या खेळाविषयी सांगायचास. खांदा उघडा पडून राहिला, डोकं वर उचलून राहिली. आणि मी बावळट ते ऐकायला लागायचे, कारण तू सांगायचास फार छान.

शांत म्हणे! याला शांत म्हणतात? पाचव्या पावलाला सगळं मागे टाकायचं हे नाल्यात गेलेल्या बॉलसाठी होतं, दादा. छातीतल्या कळेसाठी नव्हतं. ती मागे टाकून तू पुढे चालत गेलास आणि आम्हाला वाटलं, काय हा माणूस, किती निवांत. तिथे चिडायचं असतं. घाबरायचं असतं. रात्री उठून बायकोला हलवून सांगायचं असतं. तू माझा राग सहा वर्षं बॅगेत ठेवायला लावलास, त्यातला थोडा स्वतः घेतला असतास तर आज गेटवर मला घ्यायला आला असतास.

त्या सकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाबांचं विचारलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, आप भी अपनी जांच करवा लीजिए, देर मत कीजिए. वहिनी शेजारीच होती. मी मान हलवली. मग लाकडं, मग लोक, मग विधी.

गेल्या रविवारी तुझ्या दोस्तांनी तुझ्या नावानं राउंड ठेवला. मी जाणार नव्हते. तिवारीजी घ्यायला आले, म्हणून गेले. तुझी जागा रिकामी ठेवून आम्ही तिघं खेळलो. मी भयंकर खेळले. राग बॅगेत ठेवलाच नव्हता, हातात घेऊनच हिंडत होते. शेवटच्या होलशी आलो तर ग्रीनच्या, होलभोवतीच्या त्या बारीक गवताच्या, कडेला वहिनी उभी, कर्नलसाहेबांनी तिला गाडी पाठवून आणवलं होतं. पांढरी साडी, पायात घरातल्याच चपला. तू कितीदा म्हणायचास, एकदा चल, बघ तर कुठं असतो मी. ती म्हणायची, रिटायर व्हा, मग येईन.

तिवारीजींनी खिशातून तुझा बॉल काढला. तोच, लाल ठिपक्याचा. होलपासून फूटभर अंतरावर त्यांनी तो ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. कर्नलसाहेबांनी टोपी काढली. त्यांनी ठरवलेलं असं होतं की सगळ्यांनी मिळून तुला तो बॉल द्यायचा. "विलास, दिया," असं म्हणायचं, बॉल उचलायचा आणि वहिनीच्या हातात ठेवायचा. बहीण म्हणून पहिल्यांदा मी म्हणायचं होतं.

 सगळे वाट बघत होते. मी बॉलकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. मी नाही देणार."

तिवारीजी हळूच म्हणाले, "दीदी, बस भावना की बात है."

मी म्हटलं, भावनाच आहे ही पण. तेवढ्यात वहिनीनं विचारलं, दिया म्हणजे काय? कर्नलसाहेबांनी तिला समजावलं, भाभी, इतना पास है कि मान लेते हैं, हो गया. डालने की ज़रूरत नहीं. वहिनी बॉलकडे बघत राहिली. त्यावरचा ठिपका तिनं ओळखला असणार, तिचंच नेलपॉलिश होतं ते. तुला त्याबद्दल ती किती ओरडायची. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या तपासणीचं हेच म्हणत होते का गं ते?"

मी हो म्हटलं.

"मले दे ते."

मी त्या दिवशी तुझाच पटर घेऊन खेळत होते, तो तिच्या हातात दिला. तिनं तो झाडू धरतात तसा धरला. पदर खोचला. बॉलला असा दणका दिला की तो होलच्या बाजूनं सरळ पलीकडे तीन-चार फूट गेला. दोघंही सवयीनं एकदम बोलून गेले, दिया भाभी, दिया.

वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं. जन्मात तिचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "मैंने मांगा क्या?"

 ती चपला काढून, फिरून पलीकडे गेली. दुसऱ्यांदा बॉल कमी पडला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं, मटकन खाली बसेल आता. पण तिनं पाय नीट ठेवले, श्वास सोडला, तो तिला कुणी शिकवला होता देव जाणे, आणि परत मारला. बॉल आत पडला. रिकाम्या भांड्यात सुपारी पडावी तसा आवाज आला. एवढ्या जवळून तो आवाज माझ्या शॉटला कधी आला नव्हता.

तिनं वाकून होलमध्ये हात घातला आणि बॉल स्वतः काढला. पदरानं पुसला. तिवारीजी तोंड फिरवून रडत होते. मला वाटलं, आता वहिनी मला मिठी मारेल. तिनं पटर माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुले डॉक्टर म्हणाले होते ना? कधी जाऊन राहिली तू?"

मी म्हणाले, परीक्षा आटपल्या की. पेपर तपासून झाले की.

वहिनी काही बोलली नाही. तुझा बॉल मुठीत धरून माझ्याकडे बघत उभी राहिली, हाताची घडी घालून.

मी उद्याची वेळ घेतली आहे, दादा. वहिनी तुझी गाडी घेऊन येणार आहे. मी गेटवर उभी राहीन.